झुंबरला उठवण्याबाबत नोटीस

जाहीर नोटीस

याद्वारे सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, मौजे अंधारगुहा येथील मांत्रिक झुंबर (खेळणार कै. बद्रीनाथ राधाकिशन लगड) हा दि. ९/२/२०२५ रोजी दगड पडून मयत झाला असून त्यास परतवाट मंत्राने पुन्हा उठविणे प्रस्तावित आहे. मयताची इच्छा सांगणारा वारस कोण, याबाबत कोणाची हरकत असल्यास नोटीस लागल्यापासून पंधरा दिवसांत लेखी कळवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही.

खाली गोल शिक्का. शिक्का खरा.

*

ही नोटीस चार खुर्च्यांच्या एका टेबलासाठी होती. ती चावडीच्या फळ्यावर लागली.

सोमवारी साडेदहाला मी गाडी स्टँडवर लावली तेव्हा फळ्यासमोर पंधरा-वीस माणसं. फेरफाराच्या नोटिसा वाचायला कधी कोणी उभं राहत नाही. मी मागून मान उंच केली. चार कागद नेहमीचे. पाचवा माझा.

मी तलाठी कार्यालयात कॉम्प्युटरवर बसतो. शुक्रवारी संध्याकाळी चार नोटिसा छापल्या आणि पाचवी, घरची, त्याच्यामागे सोडली. लाइट गेली. मी घरी गेलो. लाइट आल्यावर प्रिंटरनं पाचवी काढली. हनुमान कोतवालांनी सोमवारी सकाळी ट्रेमधले पाचही कागद उचलले, पाचहींवर शिक्के मारले, पाचही चिकटवले. त्यांना बोल लावता येणार नाही. कागद तोच, भाषा तीच.

"दगड पडून मेला म्हनतेत. पुन्हा उठिवनार म्हनतेत."

"कोन उठिवनार?"

"तहसील आसंल."

"आन् ही अंधारगुहा कोन्त्या तालुक्यात आली?"

"पाटोद्याकडं आसंल. तिकडं डोंगर हायेत."

आमच्या गावात एक खरेखुरे झुंबरआण्णा आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. ते काठी आपटत पुढं आले आणि मला म्हणाले, "प्रवीण, मी गेलो कधी बाबा? आन् गेलो आसंल तर रेशन चालू ठिवा, तेवढं बघ."

मी कागद फाडला. दहा पन्नास. फोटो तोवर निघाले होते. कोणीतरी त्याखाली जादूटोण्याच्या कायद्याचं लिहिलं, कोणीतरी हात जोडले.

बारा वाजता तोच फोटो मला त्या टेबलावरच्या राजश्रीकडून आला. खाली एक ओळ: उज्ज्वलावहिनींनी बघितलंय.

बद्रीला जाऊन त्या दिवशी अठ्ठेचाळीस दिवस झाले होते. त्याच्या बायकोला गावानं सांगितलं होतं की सरकार त्याला उठवतंय.

*

खेळ काय ते सांगतो. धड सांगता येत नाही, तरी.

तेलगावात बंकटचं खत-बियाणांचं दुकान आहे. वरच्या खोलीत युरियाची पोती, एक टेबल, चार खुर्च्या. तीन वर्षं, दर रविवारी, दुपारी दोन ते सहा. खेळ तोंडानं खेळायचा. एक जण चालक. तो जग सांगतो: समोर गुहा आहे, आत उजेड नाही, काहीतरी श्वास घेतंय. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं काय करणार ते बोलतात. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आणि फाशाच्या वर नियम.

नियमांची पुस्तकं इंग्रजीत. मी ती नेटवरून उतरवली आणि मराठीत लिहून काढली, जाड रेघी वहीत. दोनशे बारा मंत्र. म्हणून चालक मी. मंत्र अडला की मी वही टेबलावरून फेकायचो: घे, वाच.

बंकटचं पात्र ढाल-तलवारवालं. राजश्री उपकेंद्रात नर्स आहे, ती तिरंदाज. बद्रीनाथ हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, एरवी घरची शेती. त्याचा झुंबर. मांत्रिकाचं नाव झुंबर ऐकून आम्ही पहिल्या रविवारी पोट दुखेपर्यंत हसलो होतो. तो हसला नाही. "नाव ठरलंय," एवढंच.

वही त्याच्याकडं आली की तो पानाचा फोटो काढायचा आणि फोन घेऊन जिना उतरायचा. "मुकादमाचा फोन हाय, आलोच." पाच मिनिटांनी वर यायचा आणि एकच मुद्दा मांडायचा. एकच. तो मला मान्य करावाच लागायचा.

एकदा राक्षसानं बंकटला तोंडात धरलं होतं. बद्री खाली गेला, वर आला. "कुलूपमंत्र टाकतो. राक्षसाच्या तोंडाला."

"कुलूप दाराला असतं बे," मी म्हणालो.

"तुझ्या वहीत दार न्हाई लिहिलं. आत-बाहेर जायची वाट बंद होते, आसं लिहिलंय. बंकटला इचार, तोंड वाट हाय का न्हाई. तो आत्ता अर्धा आत हाय."

"पन मग मी आतच राहीन की!" बंकट ओरडला.

"आधी फेकला भाईर तुला. मागून कुलूप."

मी वही दोनदा वाचली. द्यावंच लागलं. राक्षस उपाशी मेला.

भिंतीवर बंकटनं टेबलाचे नियम खडूनं लिहिलेत. दुसरा: माणसं चारच. तिसरा: जिवंत पात्र दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, पात्र मेलं तरच खुर्ची सुटते. (त्याच्या मेहुण्यानं एकदा त्याच्या जागी बसून त्याची तलवार देऊन घोडा घेतला होता. तेव्हापासून.)

*

९ फेब्रुवारी, रविवार.

गुहेचं छत कोसळतंय. पळायला जागा नाही.

"कवच," बद्री म्हणाला.

माझ्या वहीत: करणारा जमिनीवर वर्तुळ आखतो. वर्तुळातल्या सोबत्यांना त्या पाळीत कोणतीही इजा होत नाही.

मी निकाल दिला. सोबती वाचले. करणारा त्यांच्यात धरलेला नाही. झुंबर गेला.

बद्रीचे मुद्दे, जसे आठवतात तसे:

"मी सोबत्यांचा सोबती न्हाई का?"

"दगड मोठा हाय म्हनालास ना? मग तो आडकंल."

"मी मधी हुबा हाय. दगड कडंला पडतेत."

"बंकट लठ्ठ हाय, मी त्येच्याखाली."

"माझी टोपी लोखंडाची हाय."

टोपी लोखंडाची नव्हती. टोपीच नव्हती.

तासभर. तो एकदाही जिना उतरला नाही. फोन टेबलावर पालथा पडलेला. मी वही फेकली, त्यानं परत ढकलली. मी परत फेकली. आणि मग मी म्हणालो,

(हे वाक्य इथं तीनदा लिहून खोडलं)

"वाचता येत नसंल तर खेळू नको बे."

बद्री आठवीपर्यंत शिकलेला. मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ते तोंडात आलं.

तो फोन खिशात घालून गेला. पुढच्या रविवारी मी खेळ ठेवलाच नाही. ग्रुपवर टाकलं, काम आहे. काम नव्हतं. मंगळवारी, अठरा तारखेला, बद्री दुपारी शेतातून आला, ओट्यावर बसला, पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत. छत्तीस वय.

तर माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं ते.

*

मला झुंबर परत पाहिजे होता. स्पष्टच लिहितो. मला निकाल फिरवायचा होता आणि तो मी फिरवला हे कोणाला दिसू द्यायचं नव्हतं.

मंत्र एकशे सत्त्याऐंशी, परतवाट: शंभर दिवसांच्या आत, गेलेल्याची इच्छा असेल तर तो परत येतो. इच्छा नसेल तर येत नाही.

झुंबरची इच्छा सांगणार बद्री. आणि बद्री

"चालकानं सांगावी," बंकट म्हणाला.

"चालकानंच मारलाय त्येला," राजश्री म्हणाली. "आता त्योच इच्छा सांगनार?"

"मग फासा टाका."

"बंकट, तू मेल्यावर तुझी इच्छा आमी फाशावर काढू का?"

बंकटनं फासा बाजूला सारला.

मी दिवसभर वारसनोंदी टाइप करतो. माणूस गेल्यावर पुढं काय करायचं त्याची एकच रीत माझ्या बोटांना येते: अर्ज, नोटीस, पंधरा दिवस, हरकत आली नाही की नोंद पक्की. मी म्हणालो, नोटीस काढू. दोघं हसले. मग हसणं थांबलं.

"काढ," बंकट म्हणाला. "रीतसर होऊ दे."

माझा हिशोब सोपा होता. नोटीस आम्ही तिघं वाचणार. हरकत कोणाचीच येणार नाही. सोळाव्या दिवशी मी लिहिणार: इच्छा आहे.

*

तेरा दिवस मी उज्ज्वलावहिनींच्या घरी गेलो नाही. मेसेज लिहिला, पुसला. लिहिला, पुसला.

*

२० एप्रिल, रविवार. दोन वाजता आम्ही तिघं. चौथ्या खुर्चीवर बंकटनं औषधाचं खोकं ठेवलं होतं, रिकामी दिसू नये म्हणून.

जिन्यावर चपलांचा आवाज. उज्ज्वलावहिनी दारात. हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात चौघडी घातलेला कागद.

"हरकत कुनाकडं द्यायची?"

मी उठलो. खुर्ची मागं पडली. "वहिनी, चुकलं. तो कागद फळ्यावर लागायचा नव्हता. मी तुमच्या घरी येणार होतो, पण मला—"

"पोच द्या आधी."

"काय?"

"अर्ज घेतला की पोच देतेत ना तुमच्यात? द्या."

मी वहीचं पान फाडून लिहिलं: हरकत मिळाली. तारीख. सही. त्यांनी पोच घडी करून पिशवीत ठेवली आणि कागद टेबलावर ठेवला. बंकटनं तो मोठ्यानं वाचायला घेतला.

हरकत अर्ज. अर्जदार: उज्ज्वला बद्रीनाथ लगड.

१. झुंबर माझा आहे. कै. बद्रीनाथ हे फक्त बोलत होते.

बंकट थांबला. कागदाकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं, परत कागदाकडं.

२. झुंबर मुद्दाम मेलेला आहे.

३. त्याची परत यायची इच्छा नाही. खात्री करायची असल्यास मला विचारावे. तरी त्यास उठवू नये.

खाली रस्त्यावर ट्रॅक्टर गेला. पत्रे हलले.

"म्हंजी?" बंकट.

"म्हंजी मुकादम मी."

राजश्रीनं तोंडावर हात ठेवला.

"दर रविवारी," वहिनी म्हणाल्या, "फोटो यायचा, मग फोन यायचा. आसं झालंय, प्रवीण आसं म्हनतो, काय करू? मी सांगायचे. हे वर येऊन बोलायचे. आधी ह्यांना म्हनले, मलाच न्या. तर म्हने, मानसं चारच. म्हनले, मग तुमी उठा, मी बसते. तर म्हने, जित्तं पात्र देता येत न्हाई, बंकटनं भितीवर लिहिलंय."

बंकटनं भिंतीकडं बघितलं, जणू ते दुसऱ्याच कोणी लिहिलं होतं.

"राक्षसाच्या तोंडाला कुलूप?" त्यानं हळूच विचारलं.

"भाकरी करता करता सांगितलं. एक करपली."

त्यांनी पिशवीतून वही काढली. शाळकरी वही, पुठ्ठ्यावर गुळगुळीत झालेलं चित्र. आत मंत्र. एकेका मंत्राला एकेक पान, माझ्या वहीतला मजकूर वर, खाली त्यांचा अर्थ, त्याखाली प्रवीण काय म्हणेल. तसंच लिहिलेलं: प्रवीण काय म्हणेल. आणि मी त्या त्या दिवशी तेच म्हणालो होतो. पानामागून पान. तीन वर्षं मी माझ्या मित्राशी वाद घालत होतो आणि समोर

मी मागं पडलेली खुर्ची उचलून बसलो.

"हे बघा." त्यांनी एक पान काढलं. कवच. करणाऱ्याला त्यात धरत नाहीत. ह्यांना सांगितलं. १२ जानेवारी.

"त्याला माहीत होतं?" मी म्हणालो. "मरणार ते?"

"मीच म्हनले, आज झुंबरला मारून या. पात्र मेलं की खुर्ची सुटती. मला खुर्ची पायजे होती, प्रवीणभाऊ. तीन वर्षं खेळले मी, फासा कसा आसतो ते बघितलं न्हवतं. आन् म्हनले, आज फोन करू नका. आजचं तुमचं तुमी करा."

"मंग तासभर भांडला कावून?" बंकट ओरडलाच.

"गपचिप मेला आसता तर तुमी वळखलं आसतं. म्हनले, जरा भांडा. कसं भांडायचं ते न्हाई सांगितलं. ते सगळं ह्यांचं."

लोखंडाची टोपी. राजश्री हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. माझ्या छातीवरून काहीतरी सरकत होतं. सगळं नाटक. तो भांडलाच नव्हता. दोन महिने मी ज्या रविवारात उठत-बसत होतो तो रविवार खोटा होता.

वहिनींनी वहीचं शेवटचं पान उघडलं. त्यावर बद्रीचं अक्षर, मोठं, प्रत्येक अक्षर वेगळं उभं: मेलो. रविवारी उज्ज्वला. प्रवीणला आधी सांगायचं नाही.

"सोळा तारखेला मी बाराला तयार होऊन बसले होते," त्या म्हणाल्या. "माझ्या नव्या पात्राचा कागद लिहून. मग तुमचा मेसेज आला. काम आहे."

सरकत होतं ते थांबलं.

"तो रागावला न्हवता ना, वहिनी? नाटकच होतं ना ते?"

"भांडनाचा राग न्हवता."

"मग?"

"वाचायचं बोललात ते पन सांगितलं ह्यांनी."

"हसत सांगितलं?"

त्यांनी वही मिटली. "टोपीचं सांगताना लई हसले. ते सांगताना न्हाई."

*

(इथं मी काही बोललो. काय बोललो ते आठवत नाही. राजश्री म्हणते, काहीच बोलला नाहीस.)

*

बंकटनं खोकं उचललं आणि गमज्यानं खुर्ची पुसली. दोनदा. वहिनी बसल्या. फासा उचलून बघितला, सगळ्या बाजू, एकेक, आणि मुठीत ठेवला.

"एक नियम लिवून घ्या बंकटभाऊ. मंत्र आडला की चालकानं मोठ्यानं वाचायचा. सगळा. वही फेकायची न्हाई."

बंकटनं खडू घेतला.

"आन् आधी माझ्या हरकतीचा निकाल द्या. ज्या मंत्रावर मेला तो वाचा."

मी कवच काढलं. मोठ्यानं वाचलं. करणारा जमिनीवर वर्तुळ आखतो. वर्तुळातल्या सोबत्यांना त्या पाळीत कोणतीही इजा होत नाही. पान संपलं.

"झालं?"

"झालं."

"पलटा की. सगळा म्हनले मी."

पुढची दोन पानं चहानं चिकटली होती. कधीची, कोण जाणे. राजश्रीनं नखानं हळूहळू सोडवली. आतल्या पानावर, अगदी वर, एक ओळ. तिच्याखाली दुसरा मंत्र सुरू.

मी ती ओळ वाचली. मग मला कळलं मी ती मनातच वाचली. मग मोठ्यानं वाचली.

वर्तुळ आखणाराही त्यांच्यातच धरावा.

अक्षर माझं. शाई माझी.

वहिनी पुढं वाकल्या.

"ह्या पानाचा फोटो मला आला न्हवता," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. त्यांनी माझ्याकडून वही घेतली, बोट ठेवून ओळ वाचली. परत वाचली. तिसऱ्यांदा ओठ नुसते हलले.

"म्हंजी त्यो बरोबर होता," राजश्री म्हणाली. "टोपी-बिपी सोडा. त्यो म्हनत होता, मी पन त्यांच्यातलाच. ते बरोबर होतं."

"न समजता," मी म्हणालो.

"तू तरी कुठं समजून बोललास?"

बंकट खडू हातात घेऊन भिंतीपाशी उभा होता. दुसरा नियम, तिसरा नियम, चौथा अर्धवट. त्याचा चेहरा बघून मला तो काय बोलणार ते कळलं आणि मला ते थांबवता आलं नाही.

"मंग झुंबर मेलाच न्हाई की. मंग ही खुर्ची—"

"बंकट!" राजश्री.

वहिनी फाशाकडं बघत होत्या. मूठ उघडी. खाली दुकानात कोणीतरी गिऱ्हाईक हाका मारत होतं, बंकटशेठ, ओ बंकटशेठ, आणि बंकट ओ देत नव्हता.

मग त्यांनी पिशवीतून पात्राचा कागद काढला, टेबलावर पसरला, चारी कोपरे हातानं दाबले.

"मुदत किती आसती? पंधरा दिवस ना?"

"पंधरा," मी म्हणालो.

"ज्याला माझ्या बसन्यावर हरकत घ्यायची हाय त्यानं घ्यावी. तवर मी बसते."

बंकटनं तोंड उघडलं.

"लेखी," वहिनी म्हणाल्या, आणि फासा टाकला.